जुळ्यांचे घर आणि तासांचा हिशेब



जुळे झाल्याची वार्ता आली की आपण दुप्पट पेढे मागतो. त्या घरी काम किती वाढले, हे विचारायला सहसा कोणी जात नाही. मुर्रीतल्या अशा एका घरी मी संघटनेच्या वर्गणीसाठी गेलो होतो. बाई विड्या वळणारी, नवरा धानाच्या गिरणीत हमाल. बाई सव्वा महिन्याने माहेराहून परतली होती. मी टेकतो न टेकतो तोच एक बाळ माझ्या मांडीवर आले, आणि वर्गणीचा विषय तिथेच राहिला. विड्यांचे सूप खुंटीला टांगलेले होते. विडीची मजुरी हजारावर असते. सूप खुंटीला, म्हणजे मजुरीही खुंटीला.

आम्हा चळवळीतल्या माणसांना प्रत्येक गोष्ट तासांत मोजण्याची खोड असते. तसे हेही मोजू. तान्ह्या बाळाला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागते. मधला आकडा १० धरला, तर दोघांचे २० वेळा झाले. दर वेळी अर्धा तास म्हटला, तरी १० तास नुसत्या पाजण्यात जातात. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, दुपटी धुणे यात धरलेलेच नाही. आपण ८ तासांच्या दिवसासाठी लढलो. या बाईचा दिवस १० तासांवर सुरू होतो, आणि तोही रात्रभर तुकड्यातुकड्यांनी.

यावर पहिला उपाय दोघांना एकदम पाजण्याचा. आईने भिंतीला टेकून बसावे, दोन्ही बाजूंना उशा घ्याव्यात आणि एकेका काखेत एकेक बाळ, पाय मागे करून, धरावे. १० तासांचे ५ होतात; मात्र दुसरे बाळ उचलून द्यायला माणूस हवा. दोघांना दूध पुरणार नाही, ही भीती बहुधा खोटी असते. बाळे जितके दूध ओढतात, तितके ते तयार होते. वजन वाढत नसेल तर दवाखाना गाठावा. पण पहिले ६ महिने मध, घुटी, वरचे पाणी देऊ नये.

दुसरी गोष्ट उबेची. जुळी पुष्कळदा दिवस भरण्याआधीच जन्मतात आणि वजन अडीच किलोच्या आत भरते. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली, ऊब देणाऱ्या पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा, बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत डॉक्टरांनी सुरू केली. तिला कांगारू पद्धत म्हणतात. यात बापाची छातीही चालते. बाळे दोन, तशा छात्याही दोन.

तिसरी गोष्ट वहीची. त्या घरी एका रात्री झोपेच्या भरात एकाच बाळाला दोनदा पाजले गेले आणि दुसरे रडत राहिले. दुसऱ्या दिवशी बापाने एकाच्या पायात काळा दोरा बांधला आणि कॅलेंडरच्या पाठीवर दोघांची हजेरी मांडली : कोण केव्हा प्याले, लंगोट कधी ओला झाला. असा हजेरीपट मी तरी कुठल्या कारखान्यात पाहिला नाही.

आता कायद्याकडे पाहू. १९६१ च्या कायद्याने प्रसूतीची १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने प्रसूतीलाभाचा हक्क घरी विडी वळणाऱ्या बाईपर्यंत नेला. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी मुदत २६ आठवडे झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. हे लहानसहान यश नव्हे. परंतु कायदा बाळंतपण मोजतो, बाळे मोजत नाही. एक झाले तरी २६ आठवडे, दोन झाली तरी तेवढेच. कामावर परतल्यावर बाळ पाजायला दिवसातून दोन सुट्ट्या मिळतात; जुळ्यांनाही त्या दोनच. केंद्र सरकारच्या पुरुष नोकराला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. गिरणीतल्या हमालाला ती देणारा कायदा नाही.

तेव्हा मागणी सरळ आहे. जुळ्यांच्या घरी दुसरी दोन हातांची जोडी ही मदत नव्हे, ते काम आहे. आणि कामाला रजा व मजुरी असते. ती मिळवायला वेळ लागेल. तोवर आपल्या आळीत जुळे झाले, तर पेढे मागण्याआधी तासभर एक बाळ मांडीवर घ्या. तेवढ्या वेळात ती माउली झोपेल.