हौशी रसायनप्रयोग आणि हाताशी खेळणारा स्फोट

१८११ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिएर द्युलाँ यांनी नायट्रोजन ट्रायक्लोराइड हे तेलकट संयुग शोधले. त्या शोधात त्यांनी एक डोळा व हाताची बोटे गमावली. पुढच्याच वर्षी सर हम्फ्री डेव्ही यांच्या डोळ्यांना त्याच संयुगाने इजा केली, आणि लेखनासाठी त्यांना मदतनीस घ्यावा लागला, तो मायकेल फॅरडे. ही हकिकत कौतुकाने सांगितली जाते; पुढे फॅरडेही याच संयुगाच्या स्फोटात जखमी झाला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

घरात स्फोटक मिश्रणे करून पाहणाऱ्या तरुणांना वाटते, प्रमाण थोडे ठेवले की झाले. लाकूड जळताना प्राणवायू हवेतून यावा लागतो, म्हणून आग पृष्ठभागावरून सावकाश आत शिरते. स्फोटक द्रव्यात प्राणवायू बहुधा आतच बांधलेला असतो. काही संयुगांत तर नायट्रोजनचे दुबळे बंध तुटण्यास निमित्तच शोधत असतात. घर्षण, किंचित धक्का, कपड्यांवरची स्थिर विद्युतही पुरते. शिवाय उष्णता सगळ्या आकारमानात निर्माण होते, बाहेर पडते ती केवळ पृष्ठभागातून. म्हणून ढीग मोठा होताच कालचा अनुभव निरुपयोगी ठरतो.

अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये हेच घडले. १०० मिलिग्रॅमची तोंडी मर्यादा असताना सुमारे १० ग्रॅम संयुग तयार करण्यात आले. ते ओले असले की सुरक्षित, असा समज होता. संशोधक विद्यार्थ्याची तीन बोटे गेली, डोळ्यालाही इजा झाली. आणि ही तर विद्यापीठाची प्रयोगशाळा!

जॅक पार्सन्सची गोष्ट अधिक बोलकी आहे. पदवी नसलेला हा स्वयंशिक्षित रसायनज्ञ जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापकांपैकी एक. आयुष्यभर अग्निबाणांच्या इंधनांत वावरलेला हा माणूस १९५२ साली पॅसाडेना येथील घरच्या प्रयोगशाळेतील स्फोटात, अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. त्याला अनुभव कमी होता, असे कोण म्हणेल?

आपल्याकडे स्फोटकांच्या निर्मितीस परवाना लागतो. तो विषय नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था हाताळते. ‘हौस’ हा कायद्यात बचाव नाही.

धोका नव्या प्रयोगातच असतो असेही नव्हे. शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या बाटलीतील पिक्रिक आम्ल सुकले, तर झाकण फिरवतानाचे घर्षणही घातक ठरू शकते. अशी बाटली दिसल्यास ती हलवू नये, उघडू नये. खोली बंद करून ११२ वर कळवावे.