प्रवासापूर्वीची तपासणी आणि विम्याची हद्द

साठी ओलांडलेल्या माणसाने लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी करून घ्यायच्या वैद्यकीय तपासण्यांचा खर्च भारतातील बहुतेक विमा पॉलिसी देत नाहीत. आजारपणात इस्पितळात दाखल झाल्यावरचा खर्च विमा उचलतो. शरीर प्रवासाला योग्य आहे का, हे पाहण्याचा खर्च ज्याचा त्याला करावा लागतो. उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत हा प्रश्न आता घरोघरचा होऊ लागला आहे. मोप पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी विमाने उडू लागली आणि मांडवी-झुवारी ओलांडून दाबोळी गाठण्याची गरज पुष्कळ कमी झाली. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे आईवडील आणि उत्तरेकडच्या यात्रांना निघणारे ज्येष्ठ यांना विमानतळ जवळच मिळाला. तपासणी, दाखला आणि विमा यांची सांगड मात्र त्यांना स्वतःच घालावी लागते.

प्रवासापूर्वीची तपासणी चार कारणांनी होते. यात्रेचे व्यवस्थापन दाखला मागते, परदेशाचा व्हिसा मागतो, प्रवासविमा देणारी कंपनी मागते, किंवा कोणी मागितले नसताना डॉक्टर सल्ला देतात. पहिल्या तिन्हींत तपासणी सक्तीची असते, तरी पैसे प्रवाशाच्याच खिशातून जातात.

यात्रांमध्ये सर्वांत काटेकोर नियम अमरनाथचा आहे. गुहा 3,888 मीटर उंचीवर आहे. 2012 च्या यात्रेतील मृत्यूंची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर आरोग्य दाखल्याची सक्ती कडक झाली. अलीकडच्या नियमांनुसार 13 ते 70 या वयाबाहेरच्यांना नोंदणी मिळत नाही. दाखला कोणत्याही डॉक्टरचा चालत नाही. श्राइन बोर्ड राज्यवार डॉक्टर आणि संस्थांची यादी जाहीर करते, त्यांतील अधिकृत सहीच ग्राह्य धरली जाते. दाखला त्या वर्षी ठरवून दिलेल्या तारखेनंतरचा असावा लागतो, म्हणून गेल्या वर्षीचे कागद उपयोगी पडत नाहीत. नोंदणीबरोबर मिळणारा विमा अपघाताचा असतो. चढणीवर हृदयविकाराचा झटका आला, तर तो अपघात ठरत नाही.

कैलास-मानसरोवर यात्रा 2020 पासून बंद होती, ती 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथेही वयाची मर्यादा 70 आहे आणि बॉडी मास इंडेक्स 25 पेक्षा जास्त चालत नाही. परिक्रमेतील डोल्मा खिंड 5,600 मीटरहून उंच आहे. वैद्यकीय चाचण्या दिल्लीत होतात आणि वाटेत उंचीवर पुन्हा तपासणी होते. दिल्लीत अपात्र ठरलेल्या यात्रेकरूला तिथूनच परतावे लागते. म्हणून पेडण्याहून किंवा डिचोलीहून निघणाऱ्याने त्याच चाचण्या आधी गोव्यात करून घेणे शहाणपणाचे. उलट पंढरीच्या पायी वारीला दाखला लागत नाही. त्यामुळे तिथे तपासणीची आठवण कोणी करून देत नाही, पण रोज कित्येक किलोमीटर चालणाऱ्या सत्तरीच्या हृदयाला ती तितकीच आवश्यक असते.

व्हिसाच्या बाबतीत देशागणिक फरक आहे. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडील, आजीआजोबा मुलांकडे दीर्घकाळ राहू शकतात. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्यविमा आणि त्या देशाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांकडची तपासणी अशा दोन्ही अटी आहेत. ऑस्ट्रेलिया 75 वर्षे पूर्ण केलेल्या पाहुण्यांकडे वैद्यकीय तपासणी मागते. युरोपातील शेंगेन देशांना अल्पकालीन भेटीसाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण पुरते, तपासणीचा अहवाल लागत नाही. पॅनेल डॉक्टरांचे शुल्क अर्जदार भरतो. गावच्या डॉक्टरांनी केलेल्या तपासण्या पॅनेलच्या तपासणीची जागा घेत नाहीत, पण जुने अहवाल हाताशी असले की शंका लवकर मिटतात.

प्रत्यक्ष तपासणी सकाळी उपाशीपोटी सुरू होते. पेडणे आणि डिचोली येथे सामाजिक आरोग्य केंद्रे आहेत, म्हापशात उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ. केसपेपर काढल्यावर वजन, उंची आणि प्रेशर मोजले जाते. जिना चढून आल्याबरोबर घेतलेले प्रेशर फसवे असते, म्हणून थोडा वेळ बसवून पुन्हा मोजावे लागते. मग रक्त आणि लघवीचा नमुना. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन आणि चरबी पाहतात. त्या सकाळची साखर फक्त त्या सकाळचे सांगते. तीन महिन्यांचा सरासरी अंदाज एचबीए1सी देते, म्हणून मधुमेहींच्या बाबतीत डॉक्टर तिच्यावर अधिक विसंबतात.

यातील प्रत्येक आकड्याला प्रवासात अर्थ असतो. विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब सुमारे 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा फुप्फुसे आधीच दुबळी असतील, तर सपाटीवर न जाणवणारा त्रास तिथे जाणवतो. उंचीचा त्रास टाळण्यासाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइड गोळी मूत्रपिंडे बिघडलेल्यांना आणि सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना जपून द्यावी लागते. तिथे क्रिएटिनिनचा आकडा निर्णायक ठरतो. डिचोलीच्या लोहखनिज पट्ट्यात वर्षानुवर्षे धुळीत काम केलेल्यांना छातीचा एक्स-रे आणि श्वासाची स्पायरोमेट्री हे सोपस्कार समजून चालत नाही.

ईसीजी पाच मिनिटांत निघतो. गोव्यात 2018 च्या अखेरीपासून चालणाऱ्या स्टेमी प्रकल्पामुळे बाहेरच्या केंद्रांतील ईसीजी गोमेकॉतील हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत तातडीने पोचवण्याची पद्धत रुळली. ती झटका आलेल्यांसाठी आहे. प्रवासाला निघणाऱ्याची अडचण वेगळी असते. विश्रांतीत घेतलेला ईसीजी साफ असूनही चढणीवर हृदयाला रक्त कमी पडू शकते. ते पाहण्यासाठी ट्रेडमिलवर चालवून स्ट्रेस टेस्ट करतात. 220 मधून वय वजा करून येणाऱ्या ठोक्यांच्या 85 टक्क्यांपर्यंत नाडी न्यावी लागते. प्रेशरच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. त्या थांबवायच्या की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, स्वतःच्या मनाने थांबवायच्या नसतात. गुडघे दुखत असतील तर ट्रेडमिल जमत नाही आणि औषध देऊन केली जाणारी इको किंवा थॅलियम चाचणी पुढे येते. तालुक्याच्या केंद्रातून म्हापसा, पणजी किंवा बांबोळीकडे जावे लागते ते इथे. सरकारी इस्पितळात खर्च कमी पण तारीख उशिराची, खासगीत तारीख लगेच पण खर्च जास्त, अशी निवड करावी लागते.

या खर्चाला विमा का लागू होत नाही, याचे उत्तर पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने 2019 मध्ये आरोग्यविम्यातील अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यांतील चौथा अपवाद तपासणी आणि निदानाचा आहे. केवळ चाचण्यांसाठी इस्पितळात दाखल झाल्यास खर्च मिळत नाही, आणि चालू आजाराशी संबंध नसलेल्या चाचण्यांचाही मिळत नाही. फिटनेस दाखल्यासाठी एक रात्र दाखल व्हा म्हणजे विमा मिळेल, असा सल्ला कोणी दिला तर तो चुकीचा आहे.

सरकारी योजनांचा साचाही दाखल रुग्णाचाच आहे. मांद्रेचे तत्कालीन आमदार लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री असताना 2016 मध्ये सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला 2.5 लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, पण ते ठरावीक उपचारांसाठी. 70 आणि त्याहून अधिक वयाच्या सर्वांसाठी 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड 5 लाखांपर्यंतच्या इस्पितळ खर्चाचे आहे. त्यात दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस धरले जातात, ते त्याच आजाराच्या तपासण्यांपुरते. गोवा सरकारच्या मुख्यमंत्री देवदर्शन योजनेतून 2022 पासून लोक तिरुपती, शिर्डी, वेलांकणीला जातात. प्रवास आणि निवास सरकार सांभाळते. ज्येष्ठांची पूर्वतपासणी तिच्याशी जोडली गेली, तर थोड्या खर्चात मोठे काम होईल.

तरीही काही वाटा उघड्या आहेत. पहिली वाट इस्पितळपूर्व खर्चाची. बहुतेक पॉलिसी दाखल होण्यापूर्वीच्या 30 दिवसांतील, काही 60 दिवसांतील, त्याच आजाराशी संबंधित चाचण्यांचे पैसे देतात. 2020 पासून सर्व कंपन्यांकडे मिळणाऱ्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत 30 दिवसांची आहे. अमरनाथच्या दाखल्यासाठी केलेल्या स्ट्रेस टेस्टमध्ये दोष सापडला, अँजिओग्राफी झाली आणि त्या मुदतीत अँजिओप्लास्टीसाठी दाखल व्हावे लागले, तर त्या चाचण्यांचे बिल दाव्यात घालता येते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ बिल आणि अहवाल तिन्ही लागतात. अहवाल साफ आला म्हणून बिले टाकून देऊ नयेत.

दुसरी वाट वार्षिक आरोग्य तपासणीची. अनेक खासगी पॉलिसींत दरवर्षी किंवा ठरावीक वर्षांनी एक तपासणी मोफत असते आणि पुष्कळ घरांत ती वापरलीच जात नाही. ती प्रवासाच्या हंगामाशी जुळवून घेतली, तर साखर, क्रिएटिनिन, ईसीजी यांचा खर्च वाचतो. तिसरी वाट बाह्यरुग्ण संरक्षणाची, ज्यासाठी जास्त हप्ता भरावा लागतो. निवृत्त सैनिकांची ईसीएचएस आणि केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांची सीजीएचएस या योजनांत बाह्यरुग्ण तपासण्याही होतात, मात्र वैद्यकीय गरज दाखवणारी डॉक्टरांची शिफारस लागते. चौथी वाट करसवलतीची. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80 डी खाली प्रतिबंधात्मक तपासणीचे 5,000 रुपयांपर्यंत वजा करता येत आले आहेत, तेही रोखीने दिले असले तरी. ज्या ज्येष्ठांचा आरोग्यविमाच नाही, त्यांच्या उपचारखर्चावर 50,000 रुपयांपर्यंत वजावट आहे, मात्र तो खर्च रोखीने केलेला नसावा. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना या सवलती मिळत नाहीत.

परदेशी जाणाऱ्यांच्या प्रवासविम्याचा हिशेब आणखी वेगळा आहे. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या परदेश मेडिक्लेममध्ये ठरावीक वयानंतर ईसीजी, उपाशीपोटी साखर, लघवीची तपासणी आणि एमडी डॉक्टरांनी भरलेली प्रश्नावली मागण्याची जुनी पद्धत आहे. कागद दिले नाहीत तर संरक्षणाची रक्कम बरीच खाली येते. हप्ता वयाबरोबर वाढतो. आधीपासून असलेल्या आजाराला प्रवासविमा सहसा वगळतो, फार तर जीव वाचवण्यापुरता तातडीचा उपचार देतो.

यामुळे एक घातक समज पसरला आहे: तपासणी केली की आजार कागदावर येतो, आणि कागदावर आला की विमा मिळत नाही, म्हणून तपासणीच नको. हा समज नुकसानीचा आहे. प्रेशरची गोळी पाच वर्षे चालू असलेल्या माणसाचा आजार तपासणी टाळल्याने लपत नाही. परदेशातील इस्पितळात पहिला प्रश्न चालू गोळ्यांचा असतो आणि ते उत्तर कंपनीपर्यंत पोचते. प्रस्तावपत्रात दडवलेली माहिती उघड झाली, तर दावा फेटाळला जातो आणि परदेशातील बिल मुलांच्या माथी बसते. खरी माहिती देऊन, जास्त हप्ता भरून, आधीचा आजार सामावून घेणारी पॉलिसी शोधणे हाच सुरक्षित मार्ग आहे. देशातील आरोग्यविम्यासाठी आता वाटही रुंद झाली आहे. 2024 पासून 65 वर्षांची प्रवेशमर्यादा राहिलेली नाही आणि आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त 36 महिन्यांची आहे.

क्रम नीट ठेवला तर सर्व जुळते. निघण्याच्या तीन महिने आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे, कारण दोष सापडला तर औषध बदलून परिणाम पाहायला तेवढा वेळ लागतो. अहवाल हातात आल्यावर प्रवासविमा घ्यावा आणि अर्जात प्रत्येक आजार, प्रत्येक गोळी लिहावी. अधिकृत दाखला त्या वर्षाच्या नियमाप्रमाणे, यादीतील डॉक्टरांकडूनच घ्यावा. औषधांची चिठ्ठी व अहवालांची एक प्रत हातातल्या पिशवीत, एक मुलांकडे ठेवावी.

विमा कंपन्या हा खर्च उद्या उचलतील, अशी वाट पाहत बसू नये. तिकीट, कपडे, यात्रेची दक्षिणा यांच्या यादीत तपासणीची रक्कम पहिली लिहावी. घरातल्या मिळवत्या माणसांनी ती आईवडिलांनी मागण्याआधीच बाजूला काढावी, आणि त्यांना तपासणीला स्वतः सोबत न्यावे.