धानाच्या गावी पाहुणे जाताना : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाची वाट रुळली ती बारामतीकडून. तिथल्या पलशीवाडीला २००५ मध्ये असं एक केंद्र सुरू झालं. त्यामुळे हुरडा, उसाचा रस आणि बैलगाडीची फेरी हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलं आहे. तेच डोक्यात ठेवून भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी सुट्टीला गेलात, तर गोंधळ होईल. इथली शेती धानाची आहे आणि ती पाहुण्यांसाठी मांडलेली नाही. तिच्यावर त्या घराचं वर्ष चालतं.

गैरसमज १ : कधीही गेलं तरी शेती बघायला मिळते.

वस्तुस्थिती : धानाचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. जूनमध्ये पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकतात. जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चिखलणी आणि रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालते. हलकं धान ऑक्टोबरात कापणीला येतं, भारी धान नोव्हेंबरच्या पुढेही उभं असतं. रोवणीच्या दिवसांत सगळं घर सकाळपासून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, असतं. तेव्हा काम भरपूर दिसेल, पण गप्पा मारायला कोणी सापडणार नाही. सप्टेंबरात उलटं : शेत सगळ्यात देखणं, कामाची घाई कमी, आणि मावा-तुडतुड्याची कीड पाहायला धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, फिरणाऱ्या घरधन्याबरोबर तुम्हालाही फिरता येतं. चिखलणी बैलांनीच होईल अशी आशाही धरू नका. बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर दिसेल.

गैरसमज २ : धान कापलं की शेत रिकामं.

वस्तुस्थिती : कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी उभ्या धानात, ओलीवर, लाखोरी (लाखेची डाळ) किंवा जवस फेकून पेरतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. धान कापलं जातं तोवर खाली दुसरं पीक उगवलेलं असतं. पाण्याची सोय असलेल्या शेतात जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी धानाची रोवणी होते आणि ऐन मे महिन्यात कापणी. पानात लाखोरीचं वरण आलं तर दचकू नका. महिनोन्‌महिने तेच मुख्य अन्न म्हणून खाल्लं तर पांगळेपणाचा आजार होऊ शकतो, हे खरं आहे. चारचौघांच्या जेवणात कधीतरी खाल्लेल्या वरणाने तो होत नाही.

गैरसमज ३ : भंडाऱ्याचे तलाव निसर्गाने दिलेले.

वस्तुस्थिती : जिल्ह्यातले बहुतेक जुने तलाव माणसांनी बांधले आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने जमिनीचा उतार पाहून मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचं पाणी अडवलं. पाळीतल्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, सोडलेलं पाणी पाटाने, उताराच्या जोरावर, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरतं. पंप लागत नाही. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव. गाळ काढायचा कोणी, तुडूम दुरुस्त करायचं कोणी, याची जुनी घडी त्यानंतर विस्कटली. अनेक तलाव गाळाने आणि बेशरमीच्या झुडपांनी भरले.

तलाव मोकळा दिसला म्हणून गळ टाकू नका. मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थेकडे असतो. तो मासा कोणाच्या तरी कमाईचा आहे.

गैरसमज ४ : रोवणी म्हणजे चिखलातली मौज.

वस्तुस्थिती : रोवणी करणाऱ्या बायांची टोळी पुष्कळदा गुत्त्यावर काम करते. जेवढी जमीन रोवली, तेवढे पैसे. पाहुण्याने वेडंवाकडं लावलेलं पुन्हा लावण्यात जो वेळ जातो, तो त्यांच्या मजुरीतून जातो. हात लावून पाहायचा असेल तर घरधन्याला आधी सांगा. तो कडेची एखादी लहान बांधी देईल. चालायचं ते धुऱ्यावरूनच, आणि तेही जपून : धुरा फुटला की बांधीतलं पाणी वाहून जातं. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते.

गैरसमज ५ : वाघ अभयारण्यात, शेत सुरक्षित.

वस्तुस्थिती : कोका, नागझिरा आणि उमरेड-पवनी-करांडला या अभयारण्यांना कुंपण नाही. जंगलालगतच्या शेतात रानडुकरं नेहमी येतात, त्यांच्या मागावर कधी वाघही. डुकरांपासून पीक वाचवायला काही जण तारांत वीज सोडतात. ते बेकायदा आहे, आणि त्यात वाघही मेले आहेत, माणसंही. म्हणून अंधार पडल्यावर एकट्याने शेतात फिरायला निघू नये. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुलं वेचायला जायची हौस असेल, तर गावातल्या माणसांसोबतच जावं.

गैरसमज ६ : शेतकऱ्याघरचा पाहुणचार फुकट, तांदूळ स्वस्त.

वस्तुस्थिती : पाहुण्यांसाठी घरातलं एक माणूस शेतीचं काम सोडून अडकून पडतं. त्याचे पैसे द्यायला हवेत आणि ते आधी ठरवावेत. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. त्यानुसार शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. मुक्काम ठरवण्यापूर्वी नोंदणी आहे का, हे विचारणं गैर नाही.

तांदळाचं म्हणाल, तर शेतकरी बहुधा धान विकतो, तांदूळ नाही. घरी भरडून आणलेला तांदूळ वर्षभराच्या खाण्याचा असतो. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. तो सुवासिक असतो, पण उशिरा निघतो आणि उत्पन्न कमी देतो, म्हणून साध्या तांदळाच्या भावात मागू नये. अगदी नवा तांदूळ शिजवल्यावर चिकट होतो, तेव्हा ‘ताजा द्या’ असा आग्रह धरण्यापेक्षा जुना आहे का ते विचारावं.

जाण्यापूर्वी फोनवर एवढंच विचारा : सध्या शेतात काय चाललंय, आणि आम्ही आलो तर तुमची अडचण तर होणार नाही ना? ‘रोवणी सुरू आहे, आठ दिवसांनी या’ असं उत्तर आलं, तर वाईट वाटून घेऊ नका. जिथे खरोखर शेती होते, अशा घरी तुमचा फोन लागला आहे.