प्राणी खरंच हसतात का?

कागदावर दोन ठिपके काढा आणि त्यांच्याखाली वर वळलेली एक रेघ ओढा. लगेच हसरा चेहरा दिसू लागतो! माणसाचा मेंदू चेहरे ओळखण्यात इतका पटाईत आहे की, जिथे चेहरा नाही तिथेही त्याला तो सापडतो. प्राण्यांच्या बाबतीत मात्र त्याची हमखास फसगत होते. ती कशी, ते पाहू.

गैरसमज : डॉल्फिन सदा आनंदात असतो.

वस्तुस्थिती : डॉल्फिनच्या तोंडाची कड मागच्या बाजूला वर वळलेली असते. ही त्याच्या जबड्याची ठेवणच आहे. आपल्यासारखे ओठ-गाल हलवून त्याला चेहऱ्यावरचे भाव बदलता येत नाहीत. तो आजारी असो वा घाबरलेला, ‘हसू’ तेच! अगदी मेल्यावरही ते तसंच राहतं. पण या फसव्या हसण्यामुळे, तलावात कोंडलेले डॉल्फिनही मजेत आहेत असं लोकांना वाटत राहिलं. करमणुकीसाठी डॉल्फिन कोंडून ठेवायला भारताने २०१३ मध्ये मनाई केली, हे फार चांगलं झालं. मालवण किंवा दापोलीच्या समुद्रात ते मोकळे पोहताना दिसतात. तिथेही होडी त्यांच्या मागे पिटाळू नये.

गैरसमज : पाकट माशाच्या पोटावर हसरा चेहरा असतो.

वस्तुस्थिती : कोकणातल्या मासळी बाजारात पाकट उलटा ठेवलेला असेल, तर नीट निरखून बघा. तोंड खरंच तोंड आहे, पण त्याच्या वरचे दोन ‘डोळे’ म्हणजे नाकपुड्या आहेत! खरे डोळे पाठीच्या बाजूला असतात. तोंडाच्या खाली दोन्हीकडे पाच-पाच चिरा दिसतील, त्या कल्ल्यांच्या. पाकट समुद्राच्या तळाशी राहतो आणि वाळूतले खेकडे, शिंपल्यांतले जीव खातो. त्यासाठी तोंड खालच्या बाजूला असणंच सोयीचं.

गैरसमज : माकडाने दात दाखवले, म्हणजे ते मैत्री करतंय.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सगळ्यांत धोक्याचा. माथेरानला दिसणारं लाल तोंडाचं माकड ओठ मागे ओढून दात दाखवतं, तेव्हा ते बहुधा घाबरलेलं असतं. ‘मी माघार घेतो, मला मारू नकोस,’ असं ते सांगत असतं. डोळे रोखून, तोंड उघडून ते पुढे झेपावलं, तर ती धमकी समजा. सिनेमात आणि जाहिरातींत दात विचकणारा चिंपांझी पाहून आपण हसतो, पण त्याचंही ते दात विचकणं अनेकदा भीतीचंच असतं. खेळताना चिंपांझीचं तोंड सैल उघडं असतं, वरचे दात बहुतेक ओठाआड असतात आणि तो धापा टाकल्यासारखा आवाज काढतो. माकड समोर आलं तर त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, दात दाखवून हसू नका, खाऊ देऊ नका. सावकाश मागे सरा.

गैरसमज : क्वोका हा जगातला सर्वांत आनंदी प्राणी आहे.

वस्तुस्थिती : कांगारूच्या गोतावळ्यातला हा लहानसा प्राणी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रॉटनेस्ट बेटावर मोठ्या संख्येने राहतो. १६९६ मध्ये तिथे गेलेल्या विलेम द व्लामिंग या डच दर्यावर्द्याला तो भलामोठा उंदीर वाटला होता. आज सेल्फी काढणाऱ्यांना तो हसरा वाटतो. प्राणी तोच, फक्त बघणारे बदलले! त्याचं हसू म्हणजे तोंडाची ठेवण. बेटावर त्याला हात लावायला आणि खायला घालायला बंदी आहे.

गैरसमज : रेडा वरचा ओठ मुरडून हसतो.

वस्तुस्थिती : तो वास घेत असतो. रेडा, बैल, बोकड, घोडा हे प्राणी मान उंचावून वरचा ओठ मुरडतात आणि हवेतला वास टाळूजवळच्या एका खास अवयवापर्यंत पोहोचवतात. मादीच्या मुताच्या वासावरून ती माजावर आली आहे का, हे नराला त्यातून कळतं.

गैरसमज : म्हणजे प्राण्यांना आनंद होतच नाही.

वस्तुस्थिती : होतो तर! फक्त तो चेहऱ्यावर शोधायचा नसतो. याक पँकसेप या शास्त्रज्ञाने उंदरांना गुदगुल्या केल्या, तेव्हा ते बारीक चिवचिवले. त्या आवाजाची कंपनं सेकंदाला सुमारे ५०,००० होती. माणसाला २०,००० च्या पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज यंत्रानेच टिपावा लागला. आणखी गुदगुल्या हव्यात म्हणून उंदीर हाताच्या मागे धावतही होते. कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करतो, तेव्हा ‘चल, खेळू या!’ असं तो संपूर्ण अंगाने सांगतो.

म्हणून प्राण्याच्या तोंडावर जाऊ नका. कान, शेपूट, पाठ बघा. मुख्य म्हणजे तो आपणहून जवळ येतोय की लांब जातोय, ते बघा. लांब जात असेल, तर तो कितीही हसरा दिसला तरी त्याला वाट मोकळी करून द्या.