बांधावरचे आणि ओढ्याकाठचे सोयरे



ऊस तुटून शेते मोकळी झाली की आपल्या भागात दोन कामे हटकून निघतात. एक पाचट पेटवण्याचे आणि दुसरे बांध 'साफ' करण्याचे. पाचट पेटवू नका, हे शेतकी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे, आणि पुष्कळ सभासद आता सरीत पाचट कुजवू लागले आहेत. बांधाबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम माझीच चूक सांगतो. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. त्याच्या काठाला करंज, उंबर, वाळुंज आणि निर्गुंडीची दाटी होती. वाटणी झाल्यावर निम्मा काठ माझ्याकडे आला, निम्मा धाकट्या भावाकडे. २००६ साली मी यंत्र लावून माझा काठ सपाट केला आणि तीन गुंठे रान वाढवले. भावाने त्याचा काठ आहे तसाच ठेवला. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. तो पूर आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पाणी दोघांच्याही उसात सारखेच शिरले, ऊस दोघांचाही कुजला. पण पाणी ओसरताना माझ्या बाजूची भिजून फुगलेली दरड ढासळत गेली. तीन गुंठे मिळवले होते. सहा गुंठे आणि वर पाइपलाइन ओढ्यात गेली. भावाचा काठ जागेवर होता. उंबराची उघडी पडलेली मुळे मातीला मिठी मारून बसलेली मी डोळ्यांनी पाहिली. भाऊ तेव्हा काही बोलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र पिशवीभर करंजाचे बी आणून माझ्या ओट्यावर ठेवून गेला. बोलला असता तर बरे, असे वाटले.

उसाचा रानातला भाऊ

ओढ्याकाठी उंच वाढणारे, पावसाळा सरताना पांढरा मऊ तुरा काढणारे एक गवत आपण सारे ओळखतो. कोणी त्याला काश म्हणतात. गावोगावी नावे निराळी. हे गवत म्हणजे आपल्या उसाचा सख्खा नातेवाईक, हे किती जणांना ठाऊक आहे?

१९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तेथे बार्बर साहेब आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा या रानगवताशी संकर केला. त्यातून को २०५ ही जात निघाली आणि १९१८ साली ती लागवडीसाठी देण्यात आली. गोडी जाड उसाची. काटकपणा, फुटवा, खोडव्याची ताकद आणि रोगाला तोंड देण्याची धमक या रानगवताची. त्यानंतर कोइमतूरच्या ज्या जाती देशभर पसरल्या, त्यांच्यात हे रक्त उतरत आले. को ८६०३२ हा ६७१ आणि को ६२१९८ यांचा वंशज. त्याचीही मुळे मागे शोधत गेलो तर अशा रानगवतापर्यंत पोचतात. आपण ज्याला 'कचरा' म्हणून पेटवतो, त्याच्या घराण्यावर आपली बिले निघतात, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

अर्थात काश शेतात शिरला तर हरळीसुद्धा बरी, असे म्हणायची पाळी येईल. त्याची जागा ओढ्याच्या उतारावर. तेथे त्याच्या जमिनीखालच्या कांड्या माती घट्ट बांधून ठेवतात. वाळ्याचेही तसेच. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात, त्यामुळे चारीच्या कडेला लावला तरी उसाच्या वाट्याचे खात नाही.

"झाडावर हुमणी येते हो!"

बांधावरच्या झाडांची गोष्ट काढली की दोन आक्षेप हमखास येतात. दोन्ही खोटे नाहीत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप हुमणीचा. बाभूळ, कडुनिंब, बोर यांच्यावर हुमणीचे भुंगेरे पाला खायला येतात, म्हणून झाडच नको. भुंगेरे येतात हे खरे. पण झाड तोडल्याने भुंगेरा मरत नाही, तो दुसरीकडे जातो. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी दिवेलागणीनंतर भुंगेरे जमिनीतून निघून या झाडांवर जमतात. त्याच वेळी खाली कापड अंथरून फांद्या हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते आणि वर्षाला एकच पिढी होते. तेव्हा त्या चार-आठ रात्री साधल्या तर वर्षाचे काम झाले. बांधावरची बाभूळ म्हणजे हुमणी गोळा करण्याची आयती जागा. मात्र एकट्याने करून भागत नाही, सगळ्या शिवाराने मिळून केले पाहिजे. झाड ठेवायचे आणि त्या रात्री घरी बसायचे, असे केले तर आक्षेप घेणारा खरा ठरेल.

दुसरा आक्षेप सावलीचा. झाडाखालच्या दोन-तीन सऱ्या बारीक राहतात, हेही खरे. म्हणून मोठी झाडे प्रत्येक बांधावर लावा, असे कोणी म्हणत नाही. मोठ्या झाडांची जागा ओढा, विहीर, रस्ता आणि पडीक कोपरा. मधल्या बांधावर निर्गुंडी, तरवड अशी झुडपे पुरेत. निर्गुंडीला जनावर तोंड लावत नाही. दोन हात लांब फांदी पावसाळ्यात खोवली की फुटते, आणि एकदा ओळ धरली की बांध कोरायची कोणाची छाती होत नाही. बांधाच्या भांडणापायी तालुक्याच्या कचेरीत किती हेलपाटे होतात, ते आपण जाणतोच!

क्षारपड, चोपण झालेल्या कडेला करंज आणि बाभूळ तग धरतात. त्यांनी जमीन सुधारते असे मी म्हणत नाही. त्याला निचऱ्याचे चरच काढावे लागतात. पण जेथे ऊस येत नाही, तेथे निदान सावली, जळण आणि मधमाशांना फुलोरा तरी मिळेल.

आई-मावश्यांचा बांध

पूर्वी पावसाळ्यात घरातल्या बायका रानातून येताना ओटीत भाजी घेऊनच येत. कुर्डू, टाकळा, घोळ, पाथरी, तांदुळजा. त्याला पैसा पडत नव्हता. आता बांधावरही तणनाशक मारले जाते, आणि तीच भाजी बाजारात विकत घ्यावी लागते. तणनाशक उसात मारायचे तर मारा, पण पंपाचा नोझल बांधाच्या आत ठेवा.

करटुलीचे तर विशेष सांगण्यासारखे आहे. त्याचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फळ धरत नाही म्हणून पुष्कळ जण नर वेल उपटून टाकतात आणि मग मादी वेलालाही फळ लागत नाही. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल राखला पाहिजे. जमिनीत कंद असतो, तो खणला नाही तर वेल दर पावसाळ्यात आपोआप येतो.

रानटी ते सगळे आपले नव्हे

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपोआप उगवते ते सगळेच राखायचे नाही. गाजर गवत, घाणेरी, बेशरम, वेडी बाभूळ ही सारी परदेशातून आलेली. गाजर गवत तर १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आले आणि बघता बघता शिवारभर झाले. ही झाडे आपल्या रानभाज्यांची आणि गवतांची जागा खातात. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच उपटावे, आणि अंगाला खाज सुटते म्हणून हातमोजे घालून उपटावे.

या पावसाळ्यात काय करावे?

१. ओढ्याच्या काठाचा निदान दहा फुटांचा पट्टा नांगराखालून सोडावा. निम्मी झाडे तेथे आपोआप येतात. पेटवले नाही म्हणजे झाले.

२. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करून त्याच पावसाळ्यात बी टोकावे. जुने बी उगवत नाही. जांभळाचे बी तर खाल्ल्यावर आठवड्याभरात लावावे.

३. बाभळीच्या बियांसाठी शेळ्यांच्या वाड्यात जावे. शेळीच्या पोटातून आलेले बी चांगले उगवते.

४. वाळुंज आणि निर्गुंडी फांदीवर येतात. विकत रोप आणण्याची गरज नाही.

५. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही असावी लागते. आपल्या गावच्या वहीत काय लिहिले आहे, ते ग्रामसभेत विचारावे. जुन्या माणसांना झाडांची नावे ठाऊक आहेत, तोवर ती लिहून घ्यावीत.

कारखान्याच्या रोपवाटिकेत उसाच्या रोपांबरोबर चार-दोन वाफे करंज, उंबर, जांभळाचे ठेवावेत, अशी सूचना वार्षिक सभेत मांडण्याचा माझा विचार आहे. सभासदांनी अनुमोदन द्यावे, ही विनंती.

भावाने दिलेल्या बियांपैकी एकोणीस करंज लागले आहेत. गुडघ्याएवढे होते, आता डोक्याएवढे झाले. गेलेले सहा गुंठे काही परत येणार नाहीत. पण ओढा आता तेथेच थांबला आहे, आणि संध्याकाळी दोघे भाऊ त्या काठावर बसतो.