सैल सुई आणि ईदची घाई

रमजानचा तिसरा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले, की मोहल्ल्यात रात्री उशिरापर्यंत दोन आवाज ऐकू येतात. एक तरावीहनंतर घरोघरी चाललेल्या कुरआनपठणाचा आणि दुसरा एम्ब्रॉयडरी मशीनचा. कुर्त्याचा गळा, दुपट्ट्याची किनार, मुलांच्या टोप्या, सगळं चाँदरातीच्या आत हवं असतं. अलीकडे त्यात ब्लाऊजच्या बाह्यांची भर पडली आहे. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला आली. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला, तर ईद दुसऱ्याच दिवशी. दोन सणांचं भरतकाम, एकच मशीन आणि एकच सुई.

या घाईत हमखास येणारी तक्रार म्हणजे सुई सैल होणं. आधी टाका सुटतो, मग दोरा तुटतो, मशीनचा आवाज बदलतो. शेवटी सुई घसरून प्लेटवर आपटते आणि मोडते. दोष मशीनला दिला जातो. कारण मात्र बहुतेक वेळा साधं असतं.

सुईला दांड्यात धरून ठेवतो तो एक बारीकसा स्क्रू. मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने मशीन चाललं, तर तासाभरात सुईला ३६,००० हिसके बसतात. जरीचं दाट काम असेल, कापडामागे चिकट कागद लावला असेल, तर वर येणाऱ्या सुईला कापड प्रत्येक वेळी खाली खेचतं. रिंग हाताने फिरवून भरतकाम करणाऱ्यांच्या सुईला आडवा ताणही बसतो. अशाने स्क्रू हळूहळू ढिला होतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. आधी मशीनचं बटण बंद करा. सुईखाली कागदाचा तुकडा ठेवा, म्हणजे सुई निसटून प्लेटच्या भोकात पडणार नाही. स्क्रू सैल करून सुई वर अडेपर्यंत सरकवा. अर्ध्यावर राहिलेली सुई टिकत नाही. घरगुती मशीनच्या सुईचा माथा एका बाजूने सपाट असतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूला लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने सुईत शिरतो, त्या बाजूला ती खाच आली पाहिजे. स्क्रू आधी बोटांनी आवळा, मग स्क्रू ड्रायव्हरने किंचित. जोर लावून पिळलात, तर त्याचे आटे झिजतात आणि मग सुई पुन्हा घट्ट बसत नाही. आटे गेलेच असतील, तर नवा स्क्रू घ्यावा; दोरा गुंडाळून किंवा डिंक लावून काम भागवू नये. शेवटी चाक हाताने एक फेरा फिरवून सुई कुठे अडत नाही ना, ते पाहा.

सुई विकत घेतानाही लक्ष हवं. कारखान्यातल्या मशीनची गोल माथ्याची सुई घरच्या मशीनवर नीट बसत नाही. साध्या रेशमी दोऱ्याला ७५/११ नंबरची सुई पुरते. जरीला मोठ्या नेढ्याची ९०/१४ घ्यावी. साधारण आठ तास काम झालं, की सुई बदलावी. बॉबिन बदलताना दर वेळी स्क्रूला बोट लावून पाहायची सवय लागली, तर निम्मा त्रास वाचतो.

तरीही सुई मोडलीच, तर नवी लावण्याआधी जुनीचे सगळे तुकडे शोधून जुळवून पाहावेत. तयार कपड्यांच्या चांगल्या कारखान्यांत तुकडे जमा केल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. घरी हा नियम कोणी लावत नाही, म्हणून तो स्वतःच लावायचा. जाड भरतकामात अडकलेलं टोक डोळ्यांना दिसत नाही, पण ईदच्या नमाजला निघालेल्या लेकराच्या मानेला टोचतं. लोहचुंबक फिरवला तर असं टोक सहज सापडतं.

गिऱ्हाइकाचं कापड ही अमानत असते, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. रोजा जसा पोटाचा, तसाच हाताचाही असतो. इस्लामी परंपरेत शिवणकामाची सुरुवात हजरत इद्रीस यांनी केली असं मानतात. आपल्याकडे शिंपीकाम म्हटलं की संत नामदेव आठवतात. दोन्ही घरांत सुईला मान आहे. तो मान घाईत हरवू नये.

मात्र ही जबाबदारी एकट्या कारागीर बाईची नाही. दिवसभराचा रोजा, इफ्तारचा स्वयंपाक, तरावीह आणि त्यानंतर पहाटे सेहरीपर्यंत मशीन. अशा डोळ्यांना ढिला स्क्रू कसा दिसावा? चाँदरातीच्या आदल्या दिवशी कापड नेऊन ‘आपा, उद्या हवंच’ म्हणणारे आपणच असतो. पाडव्याच्या दोन दिवस आधी ‘भाभी, एवढा ब्लाऊज करून द्या ना’ म्हणणारेही आपणच. कापड आठवडाभर आधी द्यावं आणि मजुरी ईदनंतरवर ढकलू नये. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मोबदला द्यावा, ही पैगंबरांची शिकवण भरतकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. तिच्याही मुलांना ईदचे नवे कपडे घ्यायचे असतात.