मंद प्रकाशातील छायाचित्र

लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृहात प्रकाश मुख्यतः दर्शनी भागावरील भव्य गवाक्षातून येतो. स्तंभांच्या शिरोभागी हत्तींवर बसलेली युगुले आणि छताच्या सुमारे दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी त्या मंद प्रकाशात अंधुक दिसतात. लहान कॅमेऱ्याने त्यांचे छायाचित्र कसे घ्यावे?

कॅमेऱ्यातील ‘आयएसओ’ हा आकडा वाढविला, की चित्र टिपण्यास लागणारा वेळ घटतो. १०० या आकड्यावर एक सेकंद लागत असेल, तर २०० वर अर्धा आणि ८०० वर एक-अष्टमांश सेकंद पुरतो. त्यामुळे हात हलून चित्र पुसट होण्याचा धोका कमी होतो. परंतु प्रकाशही कमी टिपला जात असल्याने चित्रात रवाळ ठिपके उमटतात आणि शिल्पाचे बारकावे लोपतात.

प्रत्येक कॅमेऱ्याची ही मर्यादा निराळी असते. ती प्रयोगाने ओळखावी. कॅमेरा स्थिर आधारावर ठेवून एकाच स्तंभाची १००, ४००, १६०० व ३२०० या आकड्यांवर छायाचित्रे घ्यावीत आणि ती मोठी करून शेजारी शेजारी ताडून पाहावीत. ज्या आकड्यापर्यंत कोरीव रेषा स्पष्ट राहतात, ती त्या कॅमेऱ्याची मर्यादा होय. आधार मिळाल्यास आकडा लहानच ठेवावा. हातात धरून चित्र घेताना मात्र तो गरजेपुरताच वाढवावा. अशा चित्रात प्राचीन कारागिराच्या छिन्नीची रेघ हरवत नाही.